निवडणूक खर्चाचा हिशेब आणि निवडणुकीला दिले जाणारे आव्हान



मागील घटकात आपण निवडणूक आयोगाची रचना आणि त्याचे अधिकार यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात एका मर्यादित, परंतु महत्त्वाच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. निवडून आलेल्या उमेदवाराने आपल्या प्रचारखर्चाचा हिशेब खोटा दिला, असा आरोप झाला, तर कायदा त्याबाबत काय करतो? ‘हिशेब खोटा ठरला की निवडणूक रद्द’ असे उत्तर बहुतेकजण चटकन देतील. कायद्याचे उत्तर तसे नाही. ते का नाही, हे समजले की या घटकातील अर्ध्याहून अधिक भाग समजला असे माना.

हिशेब म्हणजे नेमके काय?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या आहेत. उमेदवाराने स्वतः किंवा आपल्या निवडणूक प्रतिनिधीमार्फत, उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, निवडणुकीसंबंधी केलेल्या किंवा करण्यास अनुमती दिलेल्या सर्व खर्चाचा स्वतंत्र व अचूक हिशेब ठेवावा, ही पहिली गोष्ट. त्या हिशेबात विहित तपशील असावेत, ही दुसरी. आणि एकूण खर्च ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक होऊ नये, ही तिसरी. या तीन पोटकलमांमधील फरक नीट लक्षात ठेवा. पुढील सारा वाद त्यावरच उभा आहे.

खर्चाची मर्यादा वेळोवेळी बदलते. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये अशी मर्यादा आहे. कलम ७८ नुसार निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशेबाची खरी प्रत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावी लागते.

तुमच्यापैकी काहींनी शिक्षक, तलाठी किंवा लिपिक म्हणून निवडणुकीचे काम केले असेल. त्यांना या हिशेबाची दुसरी बाजूही ठाऊक असेल. उमेदवाराची नोंदवही एकीकडे असते आणि आयोगाच्या यंत्रणेची छायानोंदवही दुसरीकडे. सभेचे चित्रीकरण होते, मंडपाचे क्षेत्रफळ आणि खुर्च्यांची संख्या टिपली जाते. चहा, नाश्ता, वाहने, फलक यांचे दर जिल्हा पातळीवर आधीच निश्चित केलेले असतात आणि त्या दरांनी खर्च काढून तो उमेदवाराच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. एका चहाचा दर किती धरावा यावर उमेदवारांचे प्रतिनिधी तावातावाने भांडतात. बाहेरच्या माणसाला त्याचे हसू येईल. पण मर्यादा गाठायला आलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने दहा हजार कप चहा ही क्षुल्लक बाब नसते.

दोन वेगळे दोष

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एक काल्पनिक उदाहरण घ्या. मर्यादा ४० लाखांची आहे. एका उमेदवाराने प्रत्यक्षात ३५ लाख खर्च केले आणि हिशेबात २० लाख दाखवले. दुसऱ्याने ४५ लाख खर्च केले आणि प्रामाणिकपणे ४५ लाखच दाखवले. दोघांपैकी कोणाची निवडणूक रद्द होऊ शकते?

नीतीच्या दृष्टीने पाहिले तर पहिला अधिक दोषी वाटतो, कारण त्याने खोटे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने मात्र दुसऱ्याची निवडणूक धोक्यात येते. कलम १२३ मध्ये ‘भ्रष्ट आचरण’ या संज्ञेत येणाऱ्या कृत्यांची यादी आहे. लाच, अनुचित दबाव, धर्म वा जातीच्या नावाने मतयाचना इत्यादींबरोबरच तेथे सहाव्या पोटकलमात ‘कलम ७७ चे उल्लंघन करून खर्च करणे किंवा खर्चास अनुमती देणे’ याचाही समावेश आहे. असे आचरण सिद्ध झाले तर कलम १०० नुसार उच्च न्यायालय निवडणूक रद्दबातल ठरवते. यातील शब्द बारकाईने वाचा: ‘खर्च करणे’. ‘खोटा हिशेब देणे’ असे तेथे म्हटलेले नाही.

कर्नाटकातून आलेल्या एल. आर. शिवरामेगौडा विरुद्ध टी. एम. चंद्रशेखर या प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांवर बोट ठेवले. हिशेब अचूक न ठेवणे किंवा तपशील न देणे म्हणजे कलम ७७ च्या पहिल्या दोन पोटकलमांचा भंग होय. तो भ्रष्ट आचरण ठरत नाही. भ्रष्ट आचरण ठरतो तो तिसऱ्या पोटकलमाचा भंग, म्हणजेच मर्यादेबाहेरचा खर्च. म्हणून याचिकाकर्त्याने ‘हिशेब खोटा आहे’ एवढेच सिद्ध करून भागत नाही. लपवलेला खर्च दाखवलेल्या खर्चात मिळवला की बेरीज मर्यादेपलीकडे जाते, हे त्याला सिद्ध करावे लागते. आपल्या उदाहरणातील पहिल्या उमेदवाराने १५ लाख लपवले, तरी बेरीज ३५ लाखांवर थांबते आणि या कारणास्तव त्याची निवडणूक शाबूत राहते.

हा निर्णय शब्दशः योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निवडणूक रद्द करणे म्हणजे लाखभर मतदारांचा कौल पुसणे. तेव्हा कायद्याने ज्या कारणासाठी तो अधिकार दिला त्याच कारणासाठी तो वापरला जावा. परंतु त्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. मर्यादेच्या आत राहून कितीही खोटे लिहिले तरी खासदारकी किंवा आमदारकी निवडणूक याचिकेने जात नाही. मग ‘अचूक हिशेब’ या शब्दांना अर्थ तरी काय उरला?

याचिकेची वाट

त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी निवडणूक याचिकेची वाट किती अरुंद आहे ते पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९ नुसार संसद किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे तर ते निवडणूक याचिकेद्वारेच द्यावे लागते. पूर्वी अशा याचिका न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्या थेट उच्च न्यायालयात दाखल होतात. याचिका पराभूत उमेदवार करू शकतो, तसाच त्या मतदारसंघातील कोणताही मतदारही करू शकतो. म्हणजे तुम्हीही करू शकता.

मुदत मात्र निकालापासून ४५ दिवसांची आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबर रोजी लागला. हिशेब दाखल करण्याची मुदत २३ डिसेंबरपर्यंत होती आणि याचिकेची मुदत ७ जानेवारी २०२५ पर्यंत. उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला, तर तो पाहून, त्यातील उणिवा शोधून, पुरावे जमवून, वकिलाकडून मसुदा करवून याचिका दाखल करण्यासाठी उरतात पंधरा दिवस. ही मुदत वाढवून मिळत नाही. सामान्य दाव्यांत विलंब माफ करण्याची जी सोय असते ती निवडणूक याचिकेला लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हुकूमदेव नारायण यादव प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

शिवाय याचिकेत मोघम आरोप चालत नाहीत. ‘प्रतिवादीने पाण्यासारखा पैसा ओतला’ हे वाक्य सभेत शोभते, याचिकेत नव्हे. कलम ८३ नुसार सर्व महत्त्वाची तथ्ये आणि भ्रष्ट आचरणाचे संपूर्ण तपशील द्यावे लागतात: खर्च कोणत्या तारखेला, कोठे, कोणी, कशावर केला. सोबत शपथपत्र द्यावे लागते. पुराव्याचा निकषही कठोर आहे. भ्रष्ट आचरणाचा आरोप फौजदारी स्वरूपाचा मानला जातो आणि तो संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, केवळ संभाव्य वाटून चालत नाही. सहा महिन्यांत याचिका निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम ८६ सांगते. व्यवहारात अनेक याचिका पुढील निवडणूक आली तरी चालू असतात.

खर्च कोणाचा?

उमेदवाराने स्वतः खिशातून काढलेले पैसे मोजणे त्या मानाने सोपे. पण पक्षाने केलेला खर्च, मित्रमंडळींनी लावलेले फलक, समर्थकांनी आणलेल्या गाड्या यांचे काय? दिल्ली सदर लोकसभा मतदारसंघातील १९७१ च्या निवडणुकीत हा प्रश्न ऐरणीवर आला. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्याचा निकाल देताना ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पक्षाने एखाद्या विशिष्ट उमेदवारासाठी खर्च केला, उमेदवाराला तो माहीत होता आणि त्याने तो नाकारला नाही, तर त्यास त्याची गर्भित अनुमती होती असे मानावे लागेल. चावला यांची निवड रद्द झाली. मर्यादेमागचा हेतूही न्यायालयाने उलगडून सांगितला. पैशाच्या बळावर एक उमेदवार दुसऱ्याला मतदारापर्यंत पोहोचूच देणार नसेल, तर मतांची समानता नावापुरतीच राहते.

त्यानंतर सोळा दिवसांनी, १९ ऑक्टोबर रोजी, एक अध्यादेश निघाला. पक्षाने किंवा अन्य व्यक्तीने केलेला खर्च उमेदवाराचा समजला जाणार नाही, असे स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडण्यात आले आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याचा कायदाही झाला. कायदे करणारे इतकी तत्परता सहसा दाखवत नाहीत. त्या वेळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या निवडीविरुद्धची राजनारायण यांची याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयात प्रलंबित होती आणि तीत मर्यादेबाहेरच्या खर्चाचाही आरोप होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. १२ जून १९७५ च्या प्रसिद्ध निकालात न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी निवड रद्द केली, पण ती खर्चाच्या मुद्द्यावर नव्हे. सरकारी अधिकाऱ्यांचे साहाय्य घेतल्याच्या मुद्द्यावर. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत येथे हमखास गल्लत करतात.

त्या स्पष्टीकरणाने पाडलेले भगदाड पुढे थोडे थोडे बुजवण्यात आले. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ज्या पक्षाने आपले हिशेब कायद्याप्रमाणे ठेवले नाहीत, त्याच्या खर्चाला ही सवलत मिळणार नाही. २००३ मध्ये संसदेने कलमच बदलले. आता प्रामुख्याने पक्षाच्या नामनिर्देशित नेत्यांच्या, म्हणजे ज्यांना आपण स्टार प्रचारक म्हणतो त्यांच्या, प्रवासखर्चाला सूट आहे. राजकीय पक्षाच्या एकूण खर्चावर मात्र आजही कोणतीही मर्यादा नाही. उमेदवाराचा चहा मोजणारा कायदा पक्षाचे हेलिकॉप्टर मोजत नाही.

दुसरा दरवाजा: कलम १० क

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ. अचूकतेचा भंग याचिकेच्या कक्षेबाहेर असेल, तर त्याची दखल कोण घेणार? लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १० क नुसार, एखाद्याने निवडणूक खर्चाचा हिशेब ‘विहित मुदतीत आणि विहित रीतीने’ दाखल केला नाही आणि त्यास सबळ कारण नसेल, तर निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हिशेब मुदतीत आला. पण तो खोटा असेल, तर तो ‘विहित रीतीने’ आला असे म्हणायचे का? या एका प्रश्नाने महाराष्ट्रातील एक प्रकरण देशभर गाजवले.

नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून ऑक्टोबर २००९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण निवडून आले. प्रचारकाळात अनेक मराठी दैनिकांत ‘अशोकपर्व’ अशा मथळ्याखाली त्यांची स्तुती करणारी पाने प्रसिद्ध झाली होती. काही मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत जवळपास जसाच्या तसा होता. चव्हाण यांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवरचा खर्च होता ५,३७९ रुपये. त्या वेळची मर्यादा १० लाखांची होती आणि दाखवलेला एकूण खर्च सात लाखांच्या आत होता. ती पाने पैसे देऊन छापून घेतलेल्या बातम्या, म्हणजेच ‘पेड न्यूज’, होती, असा आक्षेप घेत पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आणि अन्य राजकीय नेत्यांनी आयोगाकडे तक्रार केली. पत्रकार पी. साईनाथ यांच्या लेखांमुळे हा विषय राष्ट्रीय चर्चेत आला. चव्हाण यांनी आरोप नाकारला.

आयोगाने २ एप्रिल २०११ रोजी ठरवले की, हिशेब खरा की खोटा याची चौकशी करण्याचा आपल्याला अधिकार आहे. चव्हाण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथे आयोगाची भूमिका मान्य झाली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. तेथे केंद्र सरकारने आपल्या प्रतिज्ञापत्रात आयोगाच्या विरुद्ध बाजू घेतली: हिशेब दाखल झाला की नाही एवढेच आयोगाने पाहावे, तो बरोबर की चूक हे पाहू नये. ५ मे २०१४ रोजी न्या. निज्जर आणि न्या. कलिफुल्ला यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद फेटाळला. हिशेब दाखल करणे हा निव्वळ उपचार नाही, ‘विहित रीतीने’ या शब्दांत खरेपणा गृहीत आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आयोगाने ४५ दिवसांत निर्णय द्यावा, असेही सांगण्यात आले.

येथे तत्त्व जिंकले. प्रत्यक्ष प्रकरणाचे काय झाले, तेही पाहू. जुलै २०१४ मध्ये आयोगाने, काही जाहिरातींचा खर्च हिशेबात न आल्यामुळे हिशेब विहित रीतीने दाखल झालेला नाही, असा निष्कर्ष काढून चव्हाण यांना कारणे दाखवा नोटीस दिली. १२ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. त्या खर्चाला चव्हाण यांची अनुमती होती, हे पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असे न्यायालयाला आढळले. पुढच्याच महिन्यात नव्या विधानसभेसाठी मतदान झाले. ज्या सभागृहातील सदस्यत्वावरून वाद सुरू झाला, त्या सभागृहाची मुदत संपलेली होती.

‘अनुमती’ हा शब्द पुन्हा आला, हे तुमच्या लक्षात आले असेल. कंवरलाल गुप्ता प्रकरणातही तोच कळीचा होता. पेड न्यूजच्या आरोपात अडचण अशी की, पैसे दिल्याची पावती कोणी ठेवत नाही. वृत्तपत्र म्हणते, आम्ही विनामूल्य छापले. उमेदवार म्हणतो, मला ठाऊक नव्हते. वाचकाला जे उघड दिसते ते न्यायालयात पुराव्याशिवाय दिसत नाही, आणि दिसूही नये. अन्यथा कोणाही प्रतिस्पर्ध्याच्या नावाने चार स्तुतिपर लेख छापून त्याला अपात्र करता येईल.

आयोगाचा हा दरवाजा अगदीच बंद आहे असेही नाही. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २० ऑक्टोबर २०११ रोजी आयोगाने पेड न्यूजचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. त्यांची निवड मात्र २००७ सालची होती. मध्य प्रदेशातील मंत्री नरोत्तम मिश्रा यांना दतिया येथील २००८ च्या निवडणुकीच्या हिशेबावरून जून २०१७ मध्ये अपात्र ठरवण्यात आले. त्यामुळे त्या वर्षीच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना मतदान करता आले नाही. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. तारखा शेजारी शेजारी लिहून पाहा. २००८ च्या खर्चाच्या वादावर उच्च न्यायालयाचा निर्णय २०१८ मध्ये आला, आणि दरम्यान त्याच मतदारसंघातील २०१३ ची निवडणूक होऊन गेली होती.

कबुली आणि हिशेब

जून २०१३ मध्ये मुंबईतील एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे यांनी आपण २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आठ कोटी रुपये खर्च केल्याचे जाहीरपणे सांगितले. मर्यादा २५ लाखांची होती आणि त्यांच्या दाखल हिशेबातील रक्कम २० लाखांच्या आत होती. आयोगाने नोटीस बजावली. पुढे अपात्रतेची कारवाई झाली नाही. निवडणूक याचिकेची ४५ दिवसांची मुदत तर चार वर्षांपूर्वीच उलटून गेली होती. व्यासपीठावरील विधान आणि हिशेबातील नोंद यांत एवढे अंतर पडूनही सभागृहातील श्रोते दचकले नाहीत. कायद्याच्या अभ्यासकाने त्या न दचकण्याचाही अभ्यास करावा.

स्वाध्याय

उत्तर लिहिण्यापूर्वी पुढील काम करून पाहा. उमेदवाराने हिशेब दाखल केल्यानंतर दोन दिवसांत त्याची सूचना जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या सूचनाफलकावर लागते. निवडणूक आचारनियम, १९६१ मधील नियम ८८ नुसार कोणीही व्यक्ती एक रुपया शुल्क भरून तो हिशेब पाहू शकते आणि ठरलेले शुल्क भरून त्याची साक्षांकित प्रत मिळवू शकते. आपल्या मतदारसंघातील विजयी आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांचे हिशेब मिळवा. तुम्ही स्वतः पाहिलेली एखादी प्रचारसभा आठवा आणि तिची नोंद दोन्हीपैकी ज्याच्या हिशेबात असायला हवी तेथे शोधा: मंडप, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, वाहने. नोंद अपुरी वाटली, तर तुमच्याजवळ असलेली माहिती कलम ८३ च्या अर्थाने ‘संपूर्ण तपशील’ ठरेल का, आणि ती घेऊन तुम्ही उच्च न्यायालयाकडे जाल की आयोगाकडे, ते सुमारे ३०० शब्दांत सकारण लिहा. अभ्यासकेंद्रावरील पुढील संपर्कसत्रात ही उत्तरे सोबत आणावीत.